ताकवाली डाक्टरीण

या अंकासाठी लिहाल का, असं विचारायला फोन आला, तेव्हा पलीकडच्या तरुण संपादकांनी आधी खात्री करून घेतली. "तुम्ही त्या ताकवाल्या मॅडमच ना?"

"हो, तीच."

ते जरा ओशाळले. नावानं विचारायला हवं होतं म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या. सेलू तालुक्यात माझं खरं नाव घेतलंत तर कोणी ओळखणार नाही. ताकवाली डाक्टरीण म्हणा, म्हातारी माणसं लगेच ओळखतील. त्यातली काही दोन शिव्याही हासडतील. मला दोन्ही चालतं.

मी जनावरांची डॉक्टर. रीतसर शिकलेली, सरकारी नोकरी केलेली, निवृत्त होऊन आता सिंदी मेघेत घर करून राहिलेली. हल्ली सकाळी चहा घेताना फोन उघडला, की कोणी ना कोणी एक व्हिडिओ पाठवलेला असतो. त्यात गुळगुळीत चेहऱ्याचा एक माणूस छातीठोकपणे सांगतो, की आंबट ताक पाजा, जनावराच्या पोटातले झाडून सगळे जंत बाहेर पडतील. खाली लोकांनी हात जोडलेले. दुसऱ्या दिवशी दुसरा कोणी सांगतो, ताकबीक सगळं थोतांड आहे, दुकानातली बाटली आणा आणि मोकळे व्हा. हे दोघं माझ्या हाती लागले असते, तर मी त्यांना एकाच दाव्यानं बांधलं असतं. पहिल्यानं कधी लेंडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली नाही आणि दुसऱ्यानं बाटली रिकामी झाल्यावर ती शेळी जगली का मेली हे जाऊन पाहिलं नाही. मी दोन्ही पाहिलंय. म्हणून मला बोलायचा हक्क आहे, आणि आता निवृत्त असल्यामुळे मला कोणी गप्प बस म्हणूही शकत नाही.

माझा दवाखाना केळझरच्या अलीकडे होता. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्यांची गोष्ट सांगणार आहे त्यांची नातवंडं आता वाचायला लागली आहेत. पत्र्याचं छप्पर, समोर कडुनिंब, जनावराला जखडून उभं करायचा लोखंडी खोडा आणि आत एक टेबल. रुजू झाले त्या आठवड्यात एक आजोबा बैल घेऊन आले. माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं, खिडकीतून आतही डोकावले.

"डाक्टर कुठी गेले जी?"

"मीच डाक्टर."

"नाई, म्हंजे सुई मारणारे?"

सुई हा आमच्या धंद्यातला मोठा देव. जनावराला टोचलं नाही तर उपचार झालाच नाही, अशी लोकांची पक्की समजूत. दगडाला टोचलं तरी लोक समाधानानं घरी जातील. अशा ठिकाणी मी पुढे ताक सांगायला लागले, तेव्हा काय झालं असेल याची कल्पना करा. एक गृहस्थ तर रागारागानं म्हणाले, "डाक्टर होऊन ताक सांगून राह्यल्या? ताक त माही बायकोबी सांगते!" मी म्हटलं, मग तिचंच ऐकत जा. ते गेले, ते परत आलेच नाहीत.

पण ताकापाशी मी कशी पोचले ते आधी सांगायला हवं. मी काही घरची परंपरा म्हणून ताक उचललं नाही. औषध फसलं म्हणून उचललं.

शेळीच्या पोटात जे जंत होतात, त्यातला एक फार वाईट. दोऱ्याएवढा बारीक. जठराच्या अस्तराला चिकटतो आणि रक्त पितो. पावसाळ्यात ओलं गवत वाढलं, की त्याची पिल्लं दवाबरोबर पात्याच्या टोकावर चढून बसतात आणि शेळी सकाळी सकाळी चरायला गेली की तिच्या पोटात जातात. वरून काही दिसत नाही. शेळी खाते, चालते, फक्त जरा मागे मागे राहते. मग एके दिवशी तिच्या जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज येते. तोपर्यंत अंगातलं रक्त संपत आलेलं असतं. आमच्याकडे लोक त्याला घशाची गाठ समजून डाग द्यायचे. रक्त नाही म्हणून मरायला टेकलेल्या शेळीला वरून तापलेल्या सळईचा चटका!

यावर औषध आहे. चांगलं औषध आहे. माझं त्याच्याशी वैर नाही, हे एकदाच ठणकावून सांगते. पण गावोगाव ते ऊठसूट पाजलं गेलं. शेळी शिंकली की पाज, बोकड विकायचा आहे की पाज. दरवेळी तेच औषध, आणि तेही अंदाजपंचे, अर्धवट. अर्धवट मात्रेनं दुबळे जंत मरतात, दांडगे राहतात, आणि पुढची सगळी पैदास त्या दांडग्यांची होते. मी पाजण्याआधी लेंड्या तपासायची आणि पाजून काही दिवसांनी पुन्हा तपासायची. एका पावसाळ्यात माझ्या लक्षात आलं, की काही कळपांत औषधाआधी लेंडीत जंतांची जितकी अंडी दिसायची, तितकीच औषधानंतरही दिसतात. जणू शेळीनं औषध नव्हे, पाणीच प्यायलं होतं. मी वर कळवलं. दुसऱ्या जातीचं औषध पाठवा, अशी मागणी केली. उत्तर आलं, मात्रा नीट दिली नसेल. पुन्हा कळवलं. पुन्हा तेच.

त्याच सुमारास पंचफुलाबाई दवाखान्यात आल्या.

पंचफुलाबाई म्हणजे भाजीपाल्याच्या शेतकरी. नवरा श्रावणभाऊ आणि त्या मिळून वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायचे आणि वर्ध्याच्या बाजारात पंचफुलाबाई स्वतः बसून विकायच्या. दारात एक गाय, दोन म्हशी आणि शेळ्यांचा कळप. त्या कळपाची मूळ पुरुषीण म्हणजे भुरी नावाची शेळी. पंचफुलाबाईंची आई वारली तेव्हा भावानं विचारलं, आईच्या मागं तुला काय देऊ. यांनी लुगडं मागितलं नाही, भांडं मागितलं नाही. आईच्या हातची एक पाठ मागितली, म्हणजे शेळीचं मादी पिल्लू. ती भुरी. कळपातल्या बहुतेक शेळ्या तिच्याच लेकी आणि नाती होत्या.

त्या दिवशी त्या टेबलापाशी उभ्या राहून सरळ म्हणाल्या, "बाई, तुमच्या बाटलीतलं औषध आता पाणी झालं जी. जंत ते पिऊन राह्यले अन् मोठे होऊन राह्यले."

माझा स्वभाव तापट. पण ही बाई मी अहवालात लिहिलेलंच मला सांगत होती, तेव्हा चिडणार कशी? मी विचारलं, "मंग तुमी काय देता?"

"आंबट ताक. संगं पळसपापडी."

पळसपापडी म्हणजे पळसाची चपटी बी. आमच्याकडे पळस काय, रस्त्याच्या कडेला हवा तितका. मी आधी विश्वास ठेवला नाही. मी त्यांना म्हटलं, तुमच्या ताक पाजलेल्या आणि न पाजलेल्या शेळ्यांच्या लेंड्या मला वेगवेगळ्या पुड्यांत आणून द्या. त्यांनी आणल्या. मी पाहिल्या. काहींत अंडी खरंच कमी होती, काहींत काडीचा फरक नव्हता. आणि पंचफुलाबाईही चुकतच होत्या. त्या दूधपित्या पिल्लांनाही तेवढंच आंबट पाजायच्या, आणि त्यांना हगवण लागायची. हे मी सांगितल्यावर त्या माझ्याशी चांगल्या भांडल्या. मग आम्ही दोघी मिळून शिकलो, असं म्हणणं जास्त खरं. त्यांनी ताक आणलं, मी सूक्ष्मदर्शक आणला.

ताक करायची रीत सांगते. प्रमाण मात्र इथे लिहिणार नाही. ते ज्या त्या जनावरावर ठरतं, आणि छापलेलं प्रमाण वाचून कोणी उद्या माझं नाव सांगत रेडकाला घागरभर पाजेल. दही घुसळून लोणी पुरतं काढायचं. उरलेलं ताक मातीच्या मडक्यात झाकून ठेवायचं. रोज वास घ्यायचा. तोंडाला पाणी सुटेल इतकं आंबट झालं, की थांबायचं. त्यापुढे गेलं, वर रंगीत बुरशी आली, तर ते उकिरड्यावर. पाजायचं सकाळी, पोट रिकामं असताना. बांबूच्या नळकांड्यानं, गालाच्या कोपऱ्यातून, घोटाघोटानं. शेळीचं डोकं आकाशाकडे करायचं नाही आणि ठसका लागला की हात लगेच सोडायचा, नाहीतर ताक फुप्फुसात जातं आणि जंतांच्या आधी शेळी मरते.

पण ताकाहून मोठी गोष्ट मी शिकवली ती पापणीची. शेळीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं हलकेच ओढून आतला रंग पाहायचा. लालसर गुलाबी असेल तर अंगात रक्त आहे. त्या शेळीला काहीच पाजायचं नाही. ना औषध, ना ताक. फिकी असेल तर लक्ष ठेवायचं. कागदासारखी पांढरी असेल तर धावायचं. एवढं एक पाहिलं तर अर्ध्या कळपाला औषध लागतच नाही, आणि उरलेलं औषध निदान काही वर्षं तरी कामाचं राहतं. त्यासोबत दव वाळल्याशिवाय शेळ्या सोडायच्या नाहीत, नाल्याकाठच्या ओल्या गवतात चारायच्या नाहीत आणि बाभळीच्या शेंगा, झाडपाला जास्त द्यायचा. ताक हे या सगळ्यातलं एक. ते जंताला गोळी घालत नाही. पोटाची भट्टी नीट पेटवतं, जंताला तिथे सुखानं राहू देत नाही, आणि पळसपापडी त्याला ढकलते. मला समजलं ते इतकंच. याहून जास्त मला माहीत नाही आणि माहीत असल्याचं सोंगही मी केलं नाही.

बायकांनी हे पटकन उचललं. काही दिवसांत गावात अशी परिस्थिती झाली, की कोणी कोणाच्याही दारात जाऊन शेळीची पापणी उलटायचं. पंचफुलाबाई तर बाजारात शेजारी बसणाऱ्या बायकांनाही शिकवायच्या. मला ताकवाली हे नाव तेव्हाच पडलं.

आणि मग देवरावचं पिंप आलं.

आमच्या भागातले भाजीपाल्याचे शेतकरी एक फवारणी घरी करतात. टमाट्यावर, मिरचीवर करपा आला, की आंबट ताकाच्या पिंपात तांब्याची तार नाहीतर जुनं फुटकं तांब्याचं भांडं बुडवून ठेवतात. ताक तांब्याला खातं आणि निळसर हिरवं होतं. ते गाळून पाण्यात मिसळून फवारतात. झाडाला ते मानवतं. पिंप बांधावर असतं, आणि घरात त्याला म्हणतात ताकच.

देवराव माझ्याकडे कधी आला नव्हता. पानठेल्यावर त्यानं ऐकलं, की ताकवाली डाक्टरीण सांगते, आंबट ताक पाजा, जितकं जुनं तितकं चांगलं. हे शेवटचं माझं नव्हतं, पानठेल्याचं होतं. पोळ्याच्या सुमारास त्याच्या शेळ्या रोडावल्या. घरात ताक नव्हतं. बांधावर पिंप होतं.

मी पोचले तेव्हा दुपार होती. शेळ्या गोठ्यात आडव्या पडल्या होत्या, दात खात होत्या, मागून हिरवंनिळं पाणी जात होतं. वास आला आणि मला माझ्या आईचं स्वयंपाकघर आठवलं. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात चुकून ताक राहिलं, की आई ते ओतून द्यायची. कळकलं म्हणायची. त्याच वासाची ही शंभरपट उग्र बहीण. मी विचारलं, "देवरावभाऊ, काय पाजलं?"

"ताक."

"कुठलं?"

त्यानं बांधाकडे बोट केलं. मग आपलंच बोट पाहत राहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "ताकच त होतं बाई," तो म्हणाला. "तुमीच त सांगतलं होतं म्हणते ना लोकं."

मी पेटी उघडली. अंड्यांचा पांढरा बलक, दूध, सलाईन, पेटीत जे होतं आणि घरात जे होतं ते सगळं वापरलं. काही शेळ्या वाचल्या, काही नाही. तांब्याला जंत भितो हे खरं आहे, पण शेळीचं काळीज, म्हणजे यकृतही भितं. ते तांबं साठवत जातं आणि एक दिवस फुटतं. देवराव मेलेल्या शेळीच्या पाठीवरून हात फिरवत बसला होता. त्याला मी तेव्हाही दोष दिला नाही आणि आजही देत नाही. ज्या घरात विषाला आणि औषधाला एकच नाव आहे, तिथे हे होणारच होतं.

दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात आलं, ताक पाजल्यानं शेळ्या दगावल्या. तांब्याचा उल्लेख नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, इथे तर लोकांचं तोंड ताकानंच पोळलं होतं. गावात मडकी उपडी झाली. ज्या बायका आदल्या आठवड्यात माझ्यासाठी खाट टाकायच्या, त्या लगबगीनं शेळ्या आत घ्यायला लागल्या.

आणि नेमकी त्याच आठवड्यात भुरी पडली.

पापणी उलटली तर कागद. जबड्याखाली सूज. सरकारी औषध तिच्यावर आधीच फसलेलं होतं, हे मी स्वतः तपासून पाहिलं होतं. दुसऱ्या जातीचं औषध ना माझ्याकडे होतं, ना सेलूच्या दुकानात. मी मागवायला सांगितलं, पण येईल तेव्हा येईल. श्रावणभाऊ दारात आडवे उभे. "ताक नाई पाजू देत मी. देवरावच्या मेल्या ना?"

पंचफुलाबाई भुरीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रडत नव्हत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "बाई, खरं सांगजा. पाजू का नको?"

मला सोपं होतं हो. औषध येईपर्यंत थांबा म्हटलं असतं, भुरी मेली असती, आणि माझ्यावर काही आलं नसतं. मी त्यांचं मडकं मागितलं. मातीचंच होतं. वास घेतला. मग वाटी भरून श्रावणभाऊंच्या समोर मी स्वतः प्यायले. इतकं आंबट होतं, की कानशिलं झणझणली आणि डोळ्यांत पाणी आलं. श्रावणभाऊ बघत राहिले. मग बाजूला झाले. मी रक्त वाढायची सुई दिली, सलाईन दिलं, आणि पंचफुलाबाईंना म्हटलं, "पाजा. घोटाघोटानं. बाकी तिच्यावर."

घरी पोचते तर वर्ध्याहून आमच्या खात्याच्या साहेबांचा निरोप, उद्या या.

साहेब वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणते. दमलेले होते. त्यांच्यावर वरून दाब होता, फोन वाजत होता, वर्तमानपत्र टेबलावर होतं. म्हणाले, "मॅडम, कशाला हे लफडं? एवढं लिहून द्या, की ताकाचा सल्ला तुम्ही कधीच कोणाला दिला नाही. शेतकऱ्यानं आपल्या मनानं केलं. विषय संपला."

"आणि गावात?"

"गावात सांगा, ताक बंद. आपण औषधवाले लोक आहोत."

"औषध चालत नाही असं मी कळवलं होतं साहेब."

"ते वेगळं. तो विषय इथे आणू नका."

मी म्हटलं, "साहेब, ताकाला जाऊन भांडं लपवणं माझ्यानं होणार नाही."

ते हसले नाहीत. हळूच म्हणाले, "संध्याकाळपर्यंत मी आहे. विचार करा. नाहीतर मला बदली लिहावी लागेल. आणि बदलीसोबत शेरा जातो, तो पुसता येत नाही."

मी बाहेर आले. बढाई मारायला आवडतं मला, पण खरं सांगते, आत जितकी ताठ होते तितकी बाहेर नव्हते. बदलीची भीती नव्हती. पण मनात एकच गोष्ट घोळत होती. आज सकाळी भुरी मेली असली तर? मग मी कशाच्या जोरावर उभी राहू? एका शेळीनं काही सिद्ध होत नाही, हे मीच जगाला सांगत आले होते. ती जगली तरी ताक जिंकत नाही आणि मेली तरी हरत नाही. डोक्याला हे कळत होतं. पाय मात्र आपोआप भाजीबाजाराकडे वळले आणि चालता चालता मला रडू कोसळलं. भर रस्त्यात, अंगावर सरकारी ओळखपत्र लटकत असताना.

पंचफुलाबाई नेहमीच्या जागी बसल्या होत्या. समोर वांग्यांचा ढीग, ओल्या गोणपाटाखाली मेथी. मला वाटलं होतं, आज त्या नसतीलच. त्या दिसल्या आणि मी तिथेच थबकले. बाजारात आल्या म्हणजे भुरी बरी आहे की गेली, दोन्ही अर्थ निघत होते. विचारायचं धाडस होईना.

त्यांनी मला पाहिलं. गिऱ्हाइकाला वांगी मोजून देत होत्या, ती तशीच तराजूत सोडली. उठल्या, जवळ आल्या, काहीएक न विचारता माझी हनुवटी धरली आणि मातीनं माखलेल्या अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढली. डोळ्यात डोळा घालून नीट पाहिलं. बाजार बघत होता.

"लाल हाय," त्या म्हणाल्या. "पांढरी नाई झाली. मंग काऊन रडून राह्यल्या बाई?"

ते गिऱ्हाईक खो खो हसलं. मीही हसले. रडता रडता इतकी हसले, की पोट धरून त्यांच्या गोणपाटावर बसले. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मग मी विचारलं, "भुरी?"

"कालच्यान् पाला ओढून राह्यली तोंडानं. आज सकाळी उठली अन् मलेच शिंग मारलं. पापणी अजून फिकी हाय, पण कागद नाई राह्यली." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "साहेब काय म्हणते?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, तराजूतली वांगी गिऱ्हाइकाच्या पिशवीत ओतली आणि त्यालाच सांगावं तशा म्हणाल्या, "जीव सहीनं नाई वाचत, आपल्या पाजण्यानं वाचते. जा बाई. लिहून द्या का द्याचं ते. ऊन उतरून राह्यलं."

मी परत गेले. साहेबांच्या समोरच बसून लिहिलं. ताक मी सांगितलं. तांबं मी सांगितलं नाही. सध्याचं औषध या भागातल्या अनेक कळपांत चालत नाही, हे मी वारंवार कळवलं आहे. दुसरं औषध आल्यावर मी ते देईन, आणि ज्या शेळीची पापणी लाल आहे तिला तेही देणार नाही. ताक सांगत राहीन. खाली सही केली. साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि चहा मागवला. तो चहा मला अजून आठवतो. साखर कमी होती.

परत जाऊन पहिलं काम केलं ते देवरावच्या बांधावर. त्याच्या पिंपावर लाल रंगानं कवटी काढली आणि म्हटलं, याला यापुढे ताक म्हणायचं नाही, निळं विष म्हणायचं. देवरावनं स्वतः इतरांच्या पिंपांवरही कवट्या काढल्या. आज त्या गावात गेलात तर बांधाबांधावर कवट्या दिसतील. नवख्या माणसाला वाटतं, गावात काही अघोरी चालतं.

एक खंत आहे, ती लिहून टाकते. माझं हे सगळं एका बाईनं एका टेबलावर पाहिलेलं. कोणा विद्यापीठानं, कोणा मोठ्या प्रयोगशाळेनं हे नीट तपासावं म्हणून मी फार जणांची दारं ठोठावली. ताक कुठे चालतं, कुठे नाही, किती, केव्हा. कोणी तपासलं नाही. म्हणून आज त्या गुळगुळीत चेहऱ्याच्या माणसाचं फावतं. मी खोटी ठरले असते तरी मला चाललं असतं, पण कोणी तपासायला तर हवं होतं. दुसरं औषध पुढे आलं, आणि तेही लोक ऊठसूट पाजायला लागले.

भुरी त्यानंतर दोनदा व्याली. पंचफुलाबाईंचे गुडघे आता चालत नाहीत, त्यामुळे बाजारात सून बसते. माझ्याकडे मडकं मात्र नेमानं येतं.

बदली झालीच. शेऱ्यासकट. पुलगावच्या बाजूला. निरोपाच्या दिवशी एक सहकारी समजुतीच्या सुरात म्हणाले, "आता तरी ताकाचा नाद सोडा." पहिल्याच दिवशी नव्या दवाखान्यासमोर एक बाई शेळी घेऊन उभी होती, माझ्या मागे डॉक्टर शोधत. पुलगावच्या शेळ्यांनाही पापण्या होत्या. मी अंगठा पुढे केला.